बस तेवढ्याच, ताटकळणं दुप्पट

समजा, पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर कारेगावच्या स्टॉपला तासाला ६ बस येतात. म्हणजे दर १० मिनिटांनी एक. तुम्ही कधीही आलात तरी सरासरी ५ मिनिटं थांबाल, बरोबर?

बस सारख्या अंतराने आल्या, तरच! त्याच ६ बस जोडीजोडीने आल्या तर दोन जोड्यांमध्ये २० मिनिटं जातात आणि तुमचं थांबणं सरासरी १० मिनिटांवर जातं.

जोड्या का जमतात? रांजणगाव एमआयडीसीची शिफ्ट सुटली की पुढच्या बसला गर्दी होते, चढ-उतारात वेळ जातो. तेवढ्यात पुढच्या स्टॉपवर आणखी माणसं जमतात, म्हणजे तिथे आणखी उशीर. मागच्या बसला माणसंच कमी, त्यामुळे ती भरभर येऊन पुढचीला गाठते. ड्रायव्हर कितीही चांगला असो, हे घडतंच.

उपाय दोन. मागची बस एखाद्या स्टॉपवर मिनिटभर रोखायची. किंवा बसला स्वतंत्र लेन द्यायची, म्हणजे कोंडीमुळे होणारा उशीर टळतो. पुण्यात बीआरटी २००६ मध्ये सुरू झाली, नगर रोडवर २०१६ मध्ये. पुढे वाहनकोंडीचं कारण देऊन नगर रोडवरचा काही भाग काढून टाकला. मोटारीतल्याला शेजारची रिकामी लेन दिसते. बसमधल्यांचा वाचलेला वेळ कुणाला दिसत नाही.

म्हणून निवडणुकीत कुणी ‘नवीन बस आणू’ म्हणालं, तर जरूर आणा म्हणा. पण एक प्रश्न विचारा: दोन बसमधलं अंतर सारखं कसं ठेवणार?