बरगड्या बोटांना कळतात

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. त्याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं. त्याआधी दहा वर्षं, १९२६ मध्ये, ‘यंग इंडिया’त भटक्या कुत्र्यांविषयी लिहून त्यांनी अनेकांचा रोष ओढवून घेतला होता. रस्त्यावरच्या कुत्र्यापुढे तुकडा टाकणं ही दया नव्हे, दया असेल तर कुत्रा नीट पाळावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

गंमत अशी, की पाळलेल्या कुत्र्याच्या वाट्यालाही पुष्कळदा तुकडेच येतात. सकाळी चहातलं बिस्किट, दुपारी दूध-पोळी, कुणी पाहुणा वर्ध्याचा गोरसपाक घेऊन आला तर त्यातला घास. लाड भरपूर, तरी कुत्रा हडकुळाच.

हिशेब करून पाहिला की कारण कळतं. चार किलोंच्या, धडधाकट कुत्र्याला दिवसाला साधारण ३०० कॅलरी लागतात. गाईच्या दुधावर तेवढ्या भागवायच्या तर जवळपास अर्धा लिटर दूध लागेल. इवल्या पोटात ते मावत नाही, आणि प्रौढ कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. मग जुलाब होतात, वजन आणखी उतरतं. छोट्या कुत्र्याला थोडक्या घासात जास्त पोषण हवं. उकडलेल्या एका अंड्यात सुमारे ७० कॅलरी असतात, शिवाय उत्तम प्रथिनं. मऊ भात, उकडलेलं चिकन, बिनफोडणीचं वरण चालतं. फोडणीचं मात्र नको, कारण कांदा-लसणाने कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेट यांनाही तोंडच लावू देऊ नये. आणि रोज घरचंच द्यायचं असेल, तर कॅल्शियमचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. नुसत्या मांस-भातात ते कमी पडतं.

पण कुत्रा खरोखर बारीक आहे का? स्पिट्झसारख्या झुपकेदार जातीत डोळे फसतात. म्हणून तळहात छातीच्या दोन्ही बाजूंनी फिरवावा. पातळ थराखाली बरगड्या सहज लागल्या आणि वरून पाहताना कंबर दिसली, तर वजन ठीक. बरगड्यांसोबत कण्याची आणि कमरेची हाडंही टोचत असतील, तर तो उपाशी तरी आहे किंवा आजारी तरी.

आजाराची शक्यता आधी तपासावी, कारण जंत, गोचिडांमुळे होणारा ताप, किडके दात यांपैकी काही असेल तर वाढवलेलं जेवण वाया जातं. लहान जातींत दातांचं दुखणं फार. भूक असूनही कुत्रा वाटीपासून मागे सरतो, आणि घरचे त्याला नखरे म्हणतात. विष्ठेची तपासणी आणि रक्ततपासणी यांतून बरंच उलगडतं. प्रौढ कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध देतात.

मग जेवण वाढवायचं, तेही आठवड्याला दहाएक टक्क्यांनी. दिवसाचं खाणं तीन-चार वेळांत वाटावं. चिमुकल्या पिल्लांची साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरते. नवं अन्न आठवडाभरात हळूहळू मिसळावं. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारी कुत्रं तोंड लावत नाही. मोठे घास पहाटे आणि रात्री द्यावेत.

वजन दर आठवड्याला, शक्यतो किराणा दुकानातल्या काट्यासारख्या बारीक मापाच्या काट्यावर करावं. चार किलोंच्या कुत्र्याचं २०० ग्रॅम घटणं म्हणजे ६० किलोंच्या माणसाचं तीन किलो घटणं. हवं तेवढं वजन भरलं की वाढ तिथेच थांबवावी. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉरवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री सुमारे १.८ वर्षं जास्त जगली. वरच्या खाऊला दिवसाच्या दहा टक्के कॅलरींचीच मुभा. चार किलोंच्या कुत्र्याचा हा वाटा एक-दोन ग्लुकोज बिस्किटांत संपतो.