ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड: ब्रँड सगळ्यात शेवटी बघा

आजचा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा: "ओव्हरक्लॉकिंगसाठी असूस घेऊ, एमएसआय, गिगाबाइट की ॲसरॉक?" थांबा. नावाआधी दोन गोष्टी बघू, कारण त्या चुकल्या की ब्रँड कितीही भारी असो, पैसे पाण्यात.

पहिली गोष्ट चिपसेट. इंटेलच्या प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर त्याच्या नावात 'के' हवा आणि बोर्ड झेड मालिकेतला हवा, जसा झेड७९०. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर वाढवता येत नाही. एएमडीत हेच काम स्वस्तात होतं. बी५५०, बी६५० हे मधल्या किमतीचे बोर्डही प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू देतात. ए६२० मात्र नाही.

दुसरी गोष्ट व्हीआरएम. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतो साधारण सव्वा व्होल्ट. मधला बदल व्हीआरएम करतं. वेग वाढवला की करंट वाढतो आणि ते तापतं. फारच तापलं तर बोर्ड स्वतःच प्रोसेसरचा वेग खाली आणतो. म्हणजे केलेली मेहनत उलटी पडली!

आता ब्रँड. एमएसआयचंच बघा. त्यांचा २०१८ चा बी४५० टॉमाहॉक कमी पैशात दणकट व्हीआरएम म्हणून गाजला. २०१९ चा एक्स५७०-ए प्रो त्याहून महाग, पण चाचण्यांत त्याचं व्हीआरएम त्याच किमतीच्या इतर बोर्डांपेक्षा जास्त तापलं. २०२० मध्ये एक्स५७० टॉमाहॉक आला आणि पुन्हा कौतुक झालं. कंपनी एकच, निकाल तीन. म्हणून तुलना मॉडेलची करा.

कंपनीचा फरक पडतो तो बायोस अपडेट आणि सर्व्हिसमध्ये. २०२३ मध्ये रायझन ७८००एक्स३डी जळाल्याच्या तक्रारी आल्या. एएमडीने एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली आणि बोर्ड कंपन्यांनी नवे बायोस दिले. तेव्हा एएम५ बोर्डवर रॅमचं एक्स्पो चालू करण्याआधी बायोस अपडेट करा.

आणि पैसे वसूल होतात का? आजचे प्रोसेसर स्वतःच जवळजवळ शेवटपर्यंत वेग ताणतात. हाताने आणखी ताणून गेममध्ये फारसं काही मिळत नाही. बजेट कमी असेल तर चांगल्या व्हीआरएमचा मधला बोर्ड घ्या, एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

दुकानात जाण्याआधी एवढंच करा: मॉडेलचं पूर्ण नाव आणि 'व्हीआरएम टेम्परेचर' यूट्यूबवर शोधा. भेटू पुढच्या भागात!