आमच्या गाडीचा ताप

माणसाला ताप आला की घरची मंडळी घाबरतात. आमच्या गाडीला मात्र वेळेवर ताप आला नाही, तर आम्ही घाबरतो. ही थट्टा नव्हे. न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर वाहणाऱ्या एका ट्रेलरचा मी मालक आहे, राहायला कळंबोलीत. हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. ते मिळेपर्यंत एका भल्या माणसाला मी नको ते बोलून बसलो, म्हणून आज हे लिहायला घेतले.

ही गाडी मी २०२० साली घेतली. धंद्याच्या हिशेबाने ती आता जुन्यात जमा. त्याच वर्षी १ एप्रिलपासून आपल्याकडे ‘बीएस-सहा’चा नियम लागू झाला. पाचवी पायरी गाळून देशाने चौथीवरून थेट सहावीवर उडी घेतली. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० होती, ती १० वर आली. अवजड गाडीच्या धुरातल्या कणांनाही, एका किलोवॅट-तासाच्या कामामागे ०.०१ ग्रॅम, एवढीच मोकळीक उरली. इतकी कमी काजळी बाहेर सोडायची, तर बाकीची आतच अडवायला हवी. म्हणून सायलेन्सरच्या जागी एक भलामोठा डबा आला आणि त्या डब्यात आली डीपीएफ, म्हणजे काजळीची गाळणी.

ही गाळणी असते मधाच्या पोळ्यासारखी, भट्टीत भाजलेल्या सिरॅमिकची. तिच्यात बारीक बारीक नळ्या. एक नळी पुढून उघडी नि मागून बंद, तर शेजारची पुढून बंद नि मागून उघडी. धूर एकीत शिरतो, पुढे वाट सापडत नाही, म्हणून सच्छिद्र भिंतीतून झिरपून शेजारणीकडे जातो. हवा पार होते, काजळी भिंतीला चिकटून राहते.

लहानपणी गावी आमची आई रोज तिन्हीसांजेला कंदिलाची काच पुसत असे. एक दिवस राहिले की दुसऱ्या दिवशी उजेड मंद. गाडीची ही काच कोण पुसणार? तर गाडीच. साठलेली काजळी ती आतल्या आत जाळून टाकते. कंपनीवाले याला ‘रीजनरेशन’ म्हणतात. आमचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणतात, “गाडीला ताप आला.”

हा ताप दोन तऱ्हांचा. भरलेली गाडी बोरघाट चढू लागली की धूर आपोआपच तापतो. गाळणीच्या अलीकडे प्लॅटिनमसारख्या धातूंचा मुलामा दिलेला एक भाग असतो. तिथे धुरातून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि २५० ते ४०० अंशांच्या उष्णतेत तो काजळी हळूहळू खाऊन टाकतो. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. पण गाडी जर रांगेत रखडत, थांबत, पाच-दहा किलोमीटरच्या फेऱ्या मारत असेल, तर धूर तापणार कसा? मग काजळी साठते आणि समोर दिवा लागतो. गाडी थोडे जादा डिझेल खर्च करून धुराची उष्णता सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळते. रस्त्यावर ते जमले नाही तर गाडी मोकळ्या जागी उभी करायची, बटण दाबायचे आणि इंजिन चालू ठेवून अर्धा-पाऊण तास गप्प बसायचे.

नेमके हे गप्प बसणे मला जमले नाही.

माझ्या गाडीच्या फेऱ्या बहुतेक बंदर ते गोदाम अशा जवळच्या. तासन् तास रांग, पुढे इंचभर सरकणे, पुन्हा थांबणे. मोबाइलवर मला गाडी कुठे आहे ते दिसते. एका दुपारी पाहतो तो गाडी उभी, इंजिन चालू. मी फोन लावला. “मामा, का थांबलात?”

“शेठ, दिवा लागलाय. अर्धा तास द्या.”

“अहो, गेट बंद व्हायची वेळ झाली. जहाज आपल्यासाठी थांबणार आहे का? निघा!”

मामा निघाले. असे एकदा नव्हे, अनेकदा झाले. माझी तर खात्रीच झाली की मामा पंखा लावून झोपतात आणि माझे डिझेल जाळतात. तसे मी त्यांना एकदा चारचौघांत बोलूनही दाखवले. ते काही बोलले नाहीत.

पुढे ऐन पावसाळ्यात पळस्पे फाट्याजवळ गाडीने मान टाकली. पिकअप नाही, चढ चढेना, समोर लाल दिवा. टोचन करून गाडी वर्कशॉपला न्यावी लागली. तिथल्या मिस्त्रीने लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, “शेठ, काजळी जाळायचं काम गाडीनं कितीदा तरी सुरू केलंय, आणि दर वेळी कुणीतरी मधेच बंद पाडलंय.”

मी मामांकडे रागाने पाहिले. मामांनी खिशातून खेपांची वही काढून माझ्यापुढे धरली. प्रत्येक तारखेसमोर वेळ लिहिलेली, आणि पुढे तीनच शब्द : ‘शेठचा फोन. बंद.’ एक पान उलटले, दुसरे उलटले. मग मी वही मिटली.

तिथेच एका ओळखीच्या गृहस्थांनी मला बाजूला घेतले. “नवा फिल्टर लाखांच्या घरात जाईल. त्यापेक्षा गाळणी कापून सरळ पाइप टाकू, कॉम्प्यूटरही समजावून देऊ. कायमची कटकट मिटेल.” खोटे कशाला सांगू, माझे मन डळमळले. असा फेरफार कायद्यात बसत नाही, हे मला ठाऊक होते. तरीही डळमळले.

मामांनी ते ऐकले होते. ते म्हणाले, “शेठ, गाडी तुमची आहे. पण तीस वर्षं मी काळ्या धुराच्या गाड्या चालवल्या. संध्याकाळी रुमालानं तोंड पुसलं की रुमाल काळा. खोकला अजून गेला नाही. या गाडीवर आल्यापासून रुमाल पांढरा राहतो.”

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. ते मी वाचलेले होते. पण छापील अक्षराने जे झाले नाही, ते त्या रुमालाने केले. मी त्या गृहस्थांना नमस्कार केला आणि मिस्त्रीला म्हणालो, “जाळता येत असेल तर जाळून बघा.”

गाडी मोकळ्यावर घेतली. मागे कोणी उभे नाही, जवळ वाळका कचरा नाही, हे मिस्त्रीने नीट पाहून घेतले, कारण नळीतून येणारी हवा भाजून काढील इतकी तापते. लॅपटॉपवरून काम सुरू झाले. सुदैवाने गाळणी तडकलेली नव्हती. ती वाचली.

मिस्त्रीने दोन गोष्टी बजावल्या. काजळी जळते, पण इंजिन ऑइलमधून आलेली राख जळत नाही. ती साठतच जाते आणि कधी तरी गाळणी उतरवून साफ करावीच लागते. म्हणून कमी राखेचे, कंपनीने सांगितलेलेच ऑइल घाला. दुसरी, ताप अर्ध्यावर तोडू नका. काही गाड्यांत हे जादा डिझेल सिलिंडरातच सोडतात. काम पुनःपुन्हा तुटले की ते ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते.

आता मी आठवड्यातून एखादे चाकण-तळेगावचे भाडे मुद्दाम घेतो. घाट चढताना गाडी आपली आपण निवळते. उभे राहण्याचा पाऊण तास मी खेपेच्या हिशेबातच धरतो. आणि ज्या चौघांसमोर मामांना बोललो होतो, त्यांच्याच समोर त्यांची माफी मागितली. मामा म्हणाले, “असू द्या शेठ,” आणि चहा मागवला.

परवा दिवाळीच्या गर्दीत पुन्हा मोबाइलवर दिसले : गाडी उभी, इंजिन चालू. सवयीने फोन लावला.

“शेठ, ताप आलाय.”

“बरं,” म्हणालो, आणि फोन ठेवून दिला.