सागरतळाची ठेव

रायपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तरीही येथील अनेक मराठी कुटुंबांची पावले सुटीत गोव्याकडे वळतात. तेथील किनाऱ्याजवळच्या सुंची रीफ या खडकाळ भागात, अवघ्या ३ ते ६ मीटर पाण्याखाली, सतराव्या शतकाच्या प्रारंभीच्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष विखुरलेले आहेत.

दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांना तेथे तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी बनावटीच्या भांड्यांचे तुकडे आढळले. आफ्रिका व चीनशी जोडलेल्या सागरी व्यापाराचे हे मूक साक्षीदार होत.

बुडालेल्या जहाजाच्या कठीण पृष्ठभागावर प्रवाळ व कालवे रुजतात. फटींत लहान मासे आसरा घेतात आणि त्यांच्या मागोमाग मोठे मासे येतात.

मात्र पाणी उथळ असल्यानेच हा ठेवा असुरक्षित आहे. लाटा, नांगर आणि हौशी हात तेथे सहज पोहोचतात. वस्तू मूळ जागेवरून हलली की तिची साक्ष पुसट होते. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना पुराणवस्तूंविषयीचा १९७२ चा कायदाही लागू होतो. म्हणून पाण्याखाली उतरणाऱ्याने डोळे भरून पाहावे, पण काही उचलू नये. ही ठेव मोडायची नसते; पुढील पिढीच्या नावे राखायची असते.