गाडीचे अंतरंग – लेखांक ७ : टायमिंग कव्हरची गळती

मागील लेखांकात रेडिएटर उतरवून त्याच्या नळ्यांत साचलेला क्षार कसा काढावा, याचे विवेचन केले होते. तो रेडिएटर पुन्हा चढवण्यापूर्वी वाचकांनी थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे. कारण तो बाजूला झाल्यामुळे, एरवी पंख्याआड दडलेले इंजिनाचे तोंड आता मोकळे झाले आहे, आणि जुन्या गाडीच्या पोटाखाली सकाळी आढळणारा तेलाचा काळा डाग पुष्कळदा याच तोंडातून उतरलेला असतो.

ज्या गाडीवर हे सारे काम चालले आहे ती नागपुरातल्या जरीपटक्यातील आमच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी असलेली अँबॅसेडर होय. मराठी फौजेच्या जरतारी निशाणाचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे स्थिरावली, आणि ज्यांचे घरदार व दप्तर सारेच मागे राहिले होते त्यांनी केवळ हातच्या हुन्नरावर येथे नव्याने संसार व दुकाने उभी केली. वस्तू टाकून देण्यापूर्वी ती उघडून पाहण्याची वृत्ती या गल्ल्यांत अजून टिकून आहे, आणि तिचा मला या कामी फार उपयोग झाला. गाडीविषयी एवढेच सांगणे पुरे की, उत्तरपाडा येथील कारखान्यातून २०१४ पर्यंत निघत राहिलेली ही गाडी हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत एके काळी नागपूरचे रस्ते व्यापून टाकीत असे. तिच्या जुन्या पेट्रोल गाड्यांत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन असते, आणि त्याच्या पुढच्या बाजूस दोन्ही हात कोपरापर्यंत घालता येतील इतकी ऐसपैस जागा असते. स्वतः दुरुस्ती करू इच्छिणाऱ्यास याहून मोठी सवलत ती कोणती?

या इंजिनात खालच्या क्रँकशाफ्टची गती एका साखळीने वरच्या बाजूच्या कॅमशाफ्टकडे पोहोचवली जाते. क्रँकशाफ्टच्या चक्रास जितके दात, त्याच्या दुप्पट कॅमशाफ्टच्या चक्रास. म्हणून क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, आणि झडपा नेमक्या वेळी उघडतात व मिटतात. ही साखळी सतत तेलात न्हात असते, आणि ते तेल बाहेर उडू नये म्हणून तिच्यावर ठोकीव पत्र्याचे एक झाकण बसवलेले असते. तेच टायमिंग कव्हर. मात्र या झाकणास मध्ये एक भोक ठेवावेच लागते, कारण क्रँकशाफ्टचे टोक त्यातून बाहेर येऊन पंख्याचा पट्टा फिरवणारी पुली धारण करते. याचा अर्थ असा की तेलाला येथून निसटण्यास दोनच वाटा आहेत: एक झाकणाच्या कडेची, जिथे गॅस्केट म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेतील पॅकिंग असते; आणि दुसरी त्या भोकाची, जिथे रबरी ऑइल सीलची ओठासारखी कड पुलीच्या दांड्यावर घासत तेल आत रोखून धरते.

परंतु या दोन वाटांपैकी तेल कोणत्या वाटेने निघाले, किंबहुना ते येथून निघाले तरी की नाही, याची खातरजमा झाल्यावाचून एकाही बोल्टला पाना लावू नये. तेल नेहमी खाली आणि मागे सरकते. खाली स्वतःच्या भाराने आणि मागे पंख्याच्या व रस्त्यावरील वाऱ्याने. म्हणून ते जिथे टपकते ते स्थळ गुन्ह्याचे स्थळ नसते. आमच्याच गाडीची कैफियत सांगतो. एका वर्कशॉपात तिच्या टायमिंग कव्हरचे बोल्ट लागोपाठ तीन वेळा आवळले गेले, आणि प्रत्येक खेपेस गळती थोडी वाढूनच घरी आली. शेवटी, रेडिएटर उतरवण्यापूर्वीच, मी इंजिनाची पुढची बाजू रॉकेल व ब्रशने स्वच्छ धुतली, ती पूर्ण वाळू दिली, तिच्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरली आणि पंख्यापासून हात व कपडे दूर राखून इंजिन पंधरा मिनिटे चालू ठेवले. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ उमटते तेव्हा जो पंचनामा होतो त्याला साक्षीदाराची गरज उरत नाही. रेघ झडपांवरच्या रॉकर कव्हरपासून खाली आलेली असेल तर टायमिंग कव्हर निर्दोष आहे. ती झाकणाच्या कडेपासून सुरू होत असेल तर पॅकिंग गेले आहे. आणि पुलीच्या पातळीत रेडिएटरच्या पाठीवर व बॉनेटखाली तेलाच्या थेंबांचा गोल पट्टा उमटला असेल, तर सीलातून आलेले तेल पुलीने भिरकावले आहे. आमच्या गाडीत शेवटच्या दोन्ही खुणा सापडल्या.

याच टप्प्यावर आणखी एक तपास अवश्य करावा. इंजिनाच्या पोटात पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच उतरतो, आणि तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदरची नळी असते. ती काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि उत्तमातले उत्तम सीलही तेल बाहेर ढकलू लागते. नळी काढून रॉकेलने धुणे हे दहा मिनिटांचे काम आहे, आणि कित्येकदा गळतीचे अर्धे निवारण तेवढ्यानेच होते. पिस्टनच्या रिंगाच झिजल्या असतील आणि तेल भरण्याचे झाकण काढताच धुराचे भपकारे येत असतील, तर मात्र नव्या सीलाकडून फार अपेक्षा धरू नये.

आता प्रत्यक्ष काम. प्रथम बॅटरीची तार सोडावी. कोणीतरी सहज किल्ली फिरवावी आणि आपली बोटे पुलीजवळ असावीत, हा प्रसंग शत्रूवरही न येवो. पट्टा सैल करून काढल्यावर पुलीच्या मध्यभागी तो भला मोठा नट दिसतो, ज्यात पूर्वी हँडल घालून गाडी सुरू करीत. त्याच्याखालच्या वॉशरची कड नटावर दुमडलेली असते. ती छिन्नीने हलके सरळ करावी. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढावा आणि घरातील एखाद्या भाच्यास पायाच्या ब्रेकवर बसवावे, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरत नाही. पहिल्या गिअरमध्ये तोच जोर अनेक पटींनी वाढून चाकांवर येतो आणि ब्रेकला तो आवरत नाही, म्हणून चौथाच गिअर हवा. पान्याच्या दांड्यावर हातोडीचा एक नेमका ठोका हा दहा मिनिटांच्या रेटारेटीपेक्षा अधिक काम करतो. पुली पुलरने सरळ ओढावी, आणि तिच्या खाचेतील अर्धचंद्राकृती चावी लगेच डबीत ठेवावी.

झाकणाचे बोल्ट एकाच मापाचे नाहीत, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून, तिच्यात भोके पाडून, ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचत जावा. झाकण निघताच आत साखळी आणि तिच्यापुढे एक बशीसारखी पातळ चकती दिसते. ही चकती सीलाकडे येणारे तेल दूर फेकते, आणि ती उलटी बसली तर नवे सीलही गळते, म्हणून तिची पुढची बाजू कोणती हे काढतानाच खडूने लिहून ठेवावे. साखळी व चक्रे यांना हात लावू नये. ती जागची हलली नाहीत तर टायमिंगचा प्रश्नच उद्भवत नाही. उघड्या पोटात चिंध्या कोंबून मगच जुने पॅकिंग लाकडी पट्टीने खरवडावे, कारण खरवडीचा एक कण चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात, पडला तरी तो तेलाच्या जाळीपर्यंत प्रवास करतो.

तीन वेळा आवळलेल्या त्या बोल्टांचा हिशेब मला येथे मिळाला. झाकण काचेच्या सपाट तुकड्यावर पालथे ठेवले तेव्हा प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा खाली खोलगट झालेला आणि दोन भोकांमधली कड कमानीसारखी उचललेली दिसली. जितके आवळावे तितकी कमान वाढावी आणि पॅकिंगवरचा दाब तितकाच नाहीसा व्हावा, असा तो सारा व्यवहार होता. ही कड लोखंडी ठोकळ्यावर ठेवून, लहान हातोडीने, भोकाच्या आतल्या बाजूने हलके हलके ठोकत, पुन्हा पुन्हा काचेवर तपासत सपाट करावी लागते. मला या एका गोष्टीस अख्खी दुपार लागली, आणि सगळ्या दुरुस्तीत याहून महत्त्वाची दुपार दुसरी नव्हती.

नवे सील बसवताना त्याची स्प्रिंग असलेली बाजू आत, म्हणजे तेलाकडे राहील असे पाहावे, आणि ते मोठ्या गोटीने, म्हणजे सॉकेटने, सर्व बाजूंनी सारखे दाबावे. पुलीच्या दांड्यावर जुन्या सीलाने नखाला लागेल अशी खाच पाडली असेल तर नुसत्या पॉलिश पेपरने भागत नाही. तेथे पोलादाची पातळ बाही चढवावी, किंवा सील किंचित खोल बसवून त्याचा ओठ कोऱ्या पृष्ठभागावर आणावा. कॉर्कचे पॅकिंग घेतल्यास आपल्या नागपुरी उन्हाची आठवण ठेवावी. नवतप्याच्या कोरड्या झळांत दुकानातल्या फळीवर पडून राहिलेले कॉर्क इतके आकसते की त्याची भोके बोल्टांशी जुळत नाहीत. ते ओढून न ताणता थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवावे, म्हणजे ते फुगून मूळ मापावर येते, आणि पुसून कोरडे करून लावता येते.

झाकण चढवताना मी थेट बोल्ट आवळण्यास निघालो होतो, तेव्हा गल्लीच्या टोकाचे वृद्ध मिस्त्रीकाका कुंपणापाशी थांबून म्हणाले, “आवळू नका जी, आधी बसवा.” आणि त्यांनी रीत दाखवली. सर्व बोल्ट फक्त बोटांनी लावून झाकण सैल ठेवावे. पुलीच्या दांड्यास तेल चोळून ती हलकेच फिरवत सीलात सारावी व क्रँकशाफ्टवर चावीवर बसवावी. दांडाच मग झाकणास ओढून आपल्याभोवती नेमके मध्यावर आणतो. झाकण केसभर जरी एका बाजूस राहिले तरी सीलाचा ओठ एकीकडे दबतो व दुसरीकडे उघडा पडतो, आणि महिन्याभरात गळती परत हजर होते. केंद्र साधल्यावर समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करून घट्ट करावेत. पाव इंची बोल्टांस सुमारे ६ फूट-पौंड इतकाच जोर पुरतो, म्हणजे आखूड पाना बोटांत धरून मनगटाने दिलेला. दंडाची ताकद येथे वर्ज्य समजावी. मोठा नट मात्र पूर्ण जोराने आवळून त्याच्या वॉशरची कड पुन्हा दुमडावी.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत हे झाकण ॲल्युमिनियमचे असते, पॅकिंगऐवजी नळीतून पिळलेला गॅस्केटचा लेप असतो, आणि बऱ्याच ठिकाणी इंजिनाचा एक माउंट व चेंबरही सोडवावे लागते. तेथे लेपाची रेघ अखंड असावी, ती वाळण्यास पुरेसा अवधी द्यावा, आणि तोवर तेल भरू नये, एवढे सांगून तो विषय बाजूस ठेवतो. ज्यांना जागेची अडचण आहे त्यांनी ते काम जाणकाराकडेच सोपवावे.

धुण्यात निघालेले काळे रॉकेल आणि जुने तेल गटारात सोडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. उत्तर नागपुरातले नाले पिवळ्या नदीला मिळतात, आणि त्या नदीने आधीच पुष्कळ सोसले आहे. ते डब्यात साठवून वापरलेले तेल रीतसर गोळा करणाऱ्याच्या स्वाधीन करावे; सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाकावा.

रेडिएटर चढवून, पाणी भरून, मी गाडी कामठी रोडने हिंडवून आणली आणि रात्री तिच्याखाली कोरा पुठ्ठा अंथरला. पुढच्या बाजूस पहिली, दुसरी आणि तिसरी सकाळ कोरी गेली. चौथ्या दिवशी पुठ्ठ्याच्या मागल्या भागात, जिथे इंजिन व गिअरबॉक्स यांचा सांधा येतो, तिथे रुपयाएवढा एक डाग दिसला. या जुन्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागल्या टोकास रबरी सील नसते, तेथे दांड्यावर कोरलेले आटेच तेल मागे परतवतात, आणि इंजिन थांबले की ते आटेही थांबतात. त्या डागाचा तपास पुढील लेखांकात करू.