चांद्यापासून ‘मैत्री’पर्यंत

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीस अंशांच्या घरात जातो. अशा गावात बसून अंटार्क्टिकाला जाण्याचे बेत आखणे ही थट्टाच वाटेल. पण याच जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ, चुनखडीच्या खडकावर एकाच दिशेने गेलेले ओरखडे आहेत. १८७५ साली भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडन यांनी त्यांची नोंद केली. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी सरकत्या बर्फाने दगडगोटे घासत नेले, त्याच्या या खुणा. तेव्हा आपली भूमी दक्षिण ध्रुवाजवळच्या एका महाखंडात होती आणि अंटार्क्टिका तिची शेजारीण होती. त्या महाखंडाला जगाने नाव दिले गोंडवाना. म्हणजे आपल्याच गोंडांच्या मुलखाचे.

बर्फ ओसरल्यावर दलदलीत ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडे वाढली. वर्धा खोऱ्यातला कोळसा प्रामुख्याने त्याच वनस्पतींचा. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉटच्या तुकडीने बिअर्डमोर हिमनदीजवळ सुमारे सोळा किलो खडक गोळा केले. त्यांतही ग्लॉसोप्टेरिसची पाने निघाली. हे ओझे त्या माणसांनी अखेरपर्यंत टाकले नाही. अन्नइंधनाच्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या अकरा मैलांवर स्कॉट आणि त्याचे दोन सोबती संपले. हा साठा मुळात ठरल्या जागेच्या बराच अलीकडे ठेवला गेला होता. ध्रुवाच्या वाटेवर आधीच्या हंगामातली तडजोड अशी पुढच्या हंगामात जिवावर बेतते.

म्हणून तिथे जाण्याची तयारी म्हणजे नुसती लोकरीची खरेदी नव्हे. भारताची पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकाला पोहोचली. तीत एकवीस जण होते. तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या समुद्रवैज्ञानिक डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या तिथे पोहोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. त्याच मोहिमेत उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले केंद्र तरंगत्या हिमस्तरावर होते. काही वर्षांतच ते बर्फाखाली गेले. त्यातून धडा घेऊन ‘मैत्री’ १९८९ मध्ये उघड्या खडकावर उभे राहिले. २०१२ पासून ‘भारती’ही कार्यरत आहे.

‘मैत्री’वर सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. हिवाळ्यात जहाज येत नाही, विमानही नाही. जनरेटरचा एखादा सुटा भाग न्यायचा राहिला, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच्यावाचून भागवावे लागते. म्हणून निवड झालेल्यांची कसून वैद्यकीय तपासणी होते आणि औलीच्या बर्फात त्यांना प्रशिक्षण मिळते. दातदुखीसारखे साधे दुखणेही घरूनच निस्तरून जावे लागते.

मग जाते कोण? शास्त्रज्ञ तर जातातच. पण केंद्र चालते ते डिझेल मेकॅनिक, वेल्डर, वीजतंत्री, क्रेनचालक, परिचारक आणि स्वयंपाकी यांच्या हातांवर. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अशा कामांसाठी कंत्राटी भरतीच्या जाहिराती काढते. खाणी आणि औष्णिक वीज केंद्र यांच्या जोरावर उभ्या असलेल्या आपल्या जिल्ह्यात ही कौशल्ये घरोघरी आहेत. गडचिरोलीच्या आयटीआयतून बाहेर पडणाऱ्या मुलाने ध्रुवाचे नाव काढले, तर हसू नये. वाट खरोखरच तिथून जाते.

पर्यटक म्हणून जाणाऱ्यांची वाट वेगळी. बहुतेक जण अर्जेंटिनातील उशुआयाहून जहाज पकडतात. ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात आणि समुद्र अनेकदा खवळलेला असतो. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. आणीबाणीत माणसाला परत आणण्याचा खर्च देणारा विमा उतरवल्याशिवाय निघू नये. परतीच्या तिकिटात दोन-चार दिवस मोकळे ठेवावेत, कारण तिथे वेळापत्रक हवामान ठरवते. किनाऱ्यावर एका वेळी शंभरांहून अधिक माणसे उतरत नाहीत आणि पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहावे लागते. ताडोबात जिप्सीतून खाली उतरू न देण्यामागचा विचार ज्याला पटतो, त्याला हे नियम जाचक वाटणार नाहीत. जंगलात हिंडताना वापरलेले बूट आणि पिशव्या मात्र नीट घासून घ्याव्यात. पँटला चिकटलेले एक कुसळही तिथे परक्या गवताचे बी ठरू शकते.

अंटार्क्टिकात कोळसा आहे, आपल्या कोळशाचा सख्खा भाऊच. पण १९९१ च्या माद्रिद कराराने तिथे खाणकामाला बंदी घातली आणि २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्यानेही ती मान्य केली. एकाच महाखंडाचे हे दोन तुकडे: एकाचा कोळसा आपण रोज जाळतो, दुसऱ्याचा जमिनीत राहू द्यायचे जगाने ठरवले आहे. जाळलेल्या कोळशाची ऊब शेवटी तिकडच्या बर्फापर्यंत पोहोचतेच. म्हणून ध्रुवाकडे निघण्याआधी इरईच्या खडकावरून एकदा हात फिरवून यावे. आपण कुठून कुठे आलो, हे तिथे दगडावरच कोरलेले आहे.