थोरल्याचे पाच हजार दिसतात, धाकट्याची रोजंदारी कोण धरतो?

गंगापूर तालुक्यातली बरीच पोरं सकाळी डबा घेऊन वाळूजच्या कंपन्यांत जातात आणि शिफ्ट सुटली की मुक्कामाला गावातच येतात. खोलीभाडं नाही, मेस नाही, त्यामुळं कमी पगारातही भागतं. पण घरात महिन्याला किती द्यायचे, हे बोलून ठरवणारी घरं थोडीच. आईनं मागितलं की पोरगं देतं, दिवाळीला जरा जास्त.

दोन भाऊ असले की गुंता वाढतो. समजा, थोरला कंपनीत आहे आणि महिन्याला ५,००० रुपये देतो. वर्षाचे झाले ६०,००० आणि ते सगळ्यांच्या तोंडी असतात. धाकटा शेती बघतो. त्याचे वर्षाचे १५० दिवस धरा, गड्याची रोजंदारी ४०० धरा. तेवढेच ६०,००० होतात. रात्रीच्या लाइटला पाणी द्यायला उठणं यात धरलेलंच नाही. तरी लोक म्हणणार, घर थोरल्यावर चाललंय. सातबारा बापाच्या नावावर, पीककर्ज बापाच्या नावावर, आडतीची पट्टीही बापाच्याच नावावर. सोयरीक जुळवताना ‘मुलाचं स्वतःचं काय?’ असं विचारलं की धाकट्याकडं दाखवायला कागदच नसतो. माल विकला की ठरलेली रक्कम त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात टाकणं, हा त्यावरचा सरळ उपाय.

दुसरी गोष्ट कायद्याची. थोरल्यानं पगारातून पाइपलाइन केली म्हणून वडिलोपार्जित जमिनीत त्याचा हिस्सा आपोआप वाढत नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणींचाही त्यात भावांइतकाच हक्क आहे. वाटणीच्या वेळी ‘माझे पैसे गेले’ म्हणून भांडणं होतात ती इथंच. त्यामुळं मोठी रक्कम देतानाच लिहून ठेवा, हा घरखर्च आहे की उसने दिलेत.

आणि म्हाताऱ्यांनी जमीन पोरांच्या नावावर करायची घाई करू नये. बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळण्याची अट त्यात लिहून घ्यावी. अट पाळली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडं दाद मागता येते. आपल्याकडं त्यासाठी प्रांत कार्यालयात अर्ज करायचा.

वही मात्र बापानं धरण्यापेक्षा घरातल्या बाईकडं द्यावी. तेल-साखर कधी संपली आणि दवाखान्याला किती गेले, हे तिलाच नीट माहीत असतं.